एका बाटलीचे दोन भागीदार

पहाटे ५.२०

गुरुवार. चहाचं आधण ठेवतानाच फोन पाहिला. भोरच्या मावशींच्या सुनेचा निरोप होता, "सहाच्या गाडीला बसतोय." फलटणच्या काकांकडून मात्र काहीच नव्हतं. काल संध्याकाळी दोन्ही घरी फोन करून विचारलं होतं. ताप नाही ना, जुलाब नाहीत ना, तोंडात फोड नाहीत ना, उद्या नक्की येताय ना. ही चौकशी मी सगळ्याच पेशंटची करते. या दोघांची जरा जास्त करते, कारण त्यांचं महागाचं औषध एकाच बाटलीतून निघतं.

सकाळी ७.१०

बिबवेवाडीहून पीएमपीने स्वारगेट. इथून आमचं डे-केअर केमो सेंटर चालत दहा मिनिटांवर. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या गाड्या रिकाम्या होत असतात आणि त्या गर्दीत आमचा पेशंट मला लांबूनच ओळखू येतो. एक्सरेची मोठी पिशवी छातीशी धरलेली, डोक्याला रुमाल किंवा घट्ट पदर आणि बरोबरचा माणूस दोन पावलं मागे. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयापासूनची भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आल्यापासून पिंपरीकडचे पेशंटही याच चौकात वर येतात. सेंटर इथे आहे ते याच रस्त्यांमुळे. सकाळी येऊन सलाईन घ्यायचं आणि रात्री आपल्या घरी झोपायचं, हे ज्या गावांना जमतं ती गावं स्वारगेटला बांधलेली आहेत.

मी फार्मासिस्ट आहे. औषध डॉक्टर लिहितात, सलाईन सिस्टर लावतात. मधलं काम माझं: लिहिलेलं औषध या माणसाला, या वजनाला, या किडनीला, आजच्या दिवशी चालेल का ते तपासायचं आणि मग ते बनवायचं.

७.४०

फ्रिजचं तापमान ४ अंश. २ ते ८ च्या आत असलं की वहीत सही. औषध बनवायच्या कॅबिनेटचा पंखा सुरू केला. त्याला अर्धा तास चालू द्यायचा, मगच हात आत.

८.३०

रिपोर्ट यायला लागले. आज अकरा पेशंट. हा तास बाहेरून फार कंटाळवाणा दिसतो, एक बाई कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली. माझ्या मते दिवसातला सगळ्यात मोलाचा तास हाच.

साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय ६२. फुफ्फुसाचा कॅन्सर, आयुष्यात कधी विडी-सिगारेटच्या धुराजवळ गेलेल्या नाहीत. त्यांच्या गाठीत ईजीएफआर या जीनमध्ये बदल सापडला. अशा गाठीवर गेफिटिनिब नावाची रोजची एक गोळी चालते. पूर्वी ती एकटीच देत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसती गोळी आणि निम्म्यांना गोळीबरोबर पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमो. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने दबून राहिला, जोडीवर १६ महिने. बाईंना तीच जोडी चालू आहे. आज तिसरी सायकल.

क्रिएटिनिन १.२. लॅबच्या कागदावर हा आकडा नॉर्मलच्या काठावर बसतो, कुणाचं लक्षही जाणार नाही. पण मागच्या वेळी तो ०.८ होता. वय, वजन ५८ किलो आणि बाईमाणूस हे धरून हिशेब केला तर किडनीची गाळण्याची ताकद मिनिटाला ६७ मिलीवरून ४४.५ वर आलेली निघाली. कार्बोप्लॅटिनचा डोस या आकड्यावरच ठरतो. त्यात २५ मिळवायचे आणि ठरलेल्या पातळीने, इथे ५ ने, गुणायचं. मागच्या वेळी ४५९ मिलिग्रॅम आले होते, आज ३४८. जुनाच डोस गेला असता तर शंभरावर मिलिग्रॅम जास्त गेलं असतं. पेमेट्रेक्सेडची तर सीमाच ४५ आहे, त्याखाली ते द्यायचं नाही.

बाहेर जाऊन बाईंपाशी बसले. "बाई, गेल्या पंधरवड्यात नवीन काही गोळी?"

"नवीन कसली? गुडघा धरला होता, म्हणून दुकानातनं दुखण्याची आणली. सकाळ-संध्याकाळ घेतेय."

"किती दिवस?"

"बारा-तेरा."

दुखण्याच्या पुष्कळशा गोळ्या किडनीला जाणारं रक्त कमी करतात. पेमेट्रेक्सेड शरीराबाहेर पडतं ते किडनीतूनच. डॉक्टरांना फोन केला. ठरलं ते असं: आजची केमो पुढे, गेफिटिनिब चालू, दुखण्याची गोळी बंद, भरपूर पाणी आणि आठ दिवसांनी पुन्हा क्रिएटिनिन. बाईंचा चेहरा पडला. साताऱ्याहून आल्या आणि रिकाम्या हाताने परत. त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाई आहेत.

९.५०

भोरच्या मावशी आल्या. मिश्रीने तोंडाचा कॅन्सर. एकदा ऑपरेशन आणि लाईट, म्हणजे रेडिएशन, घेऊनही तो मानेत परत आला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, वरणभात मिक्सरमधून काढून घेतात. पण बोलणं स्वच्छ. खुर्चीत बसताबसता पहिला प्रश्न, "माझे भागीदार आले का?"

भागीदार म्हणजे फलटणचे काका. आता सांगते.

परत आलेल्या तोंडाच्या कॅन्सरवर गेल्या काही वर्षांत जगभर इम्युनोथेरपी देतात. निव्होलुमॅब हे त्यातलं एक औषध. तासुकू होन्जो यांनी १९९२ मध्ये पीडी-१ हा रेणू शोधला. रोगप्रतिकारक पेशींवरचा हा जणू ब्रेक. तो सोडवला की शरीराची स्वतःची फौज गाठीवर चालून जाते. होन्जोंना २०१८ चं नोबेल मिळालं. पण या औषधाचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. आमच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या बहुतेकांना त्याची किंमत ऐकूनच उठावं लागतं.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश, डॉ. नरोन्हा यांच्या चमूने हाच प्रश्न हातात घेतला. आधी त्यांनी स्वस्त गोळ्यांची जोडी तपासली, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब. ४२२ रुग्णांची ती चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. नसेतून देण्याच्या सिस्प्लॅटिनवर रुग्ण सरासरी ६.१ महिने जगले, गोळ्यांवर ७.५. मग त्यांनी एर्लोटिनिब ही तिसरी गोळी जोडली आणि पुढच्या चाचणीत १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना या तिन्ही गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब दिलं, अवघं २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. वर्षअखेर नुसत्या गोळ्यांच्या गटात शंभरात १६ जण हयात होते, निव्होलुमॅबच्या गटात ४३. हा निकाल २०२२ मध्ये आला.

हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत आणि दर वेळी मला तेच वाटतं. जगाने आखून दिलेला डोस आपल्या माणसांना परवडत नाही, एवढं म्हणून हे लोक थांबले नाहीत. कमीत कमी कितीवर काम भागेल, हा प्रश्न त्यांनी शास्त्राच्या शिस्तीत विचारला. ज्याचं त्याचं औषध म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जीनची तपासणी येते. खिसा, किडनी, घरातली माणसं आणि एसटीचं वेळापत्रक हेही पेशंटचंच असतं, आणि औषधांची जोडी लावताना तेही मोजावं लागतं.

तर निव्होलुमॅबची लहान बाटली येते ४० मिलिग्रॅमची, ४ मिली. एका पेशंटला लागतात २ मिली. बाटलीला एकदा सुई लागली की उरलेलं पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून दोन पेशंट जोडीने बोलवायचे, एकाच दिवशी, आणि बाटलीची किंमत निम्मी-निम्मी. गेले चार महिने भोर आणि फलटण अशी ही जोडी आहे.

काकांचा फोन बंद.

१०.४०

कॅबिनेटवर बाकीची औषधं बनवतेय. गाऊन, दोन हातमोजे एकावर एक, मास्क. ऑक्सॅलिप्लॅटिन डेक्स्ट्रोजमध्ये, सलाईनमध्ये कधीच नाही. ट्रॅस्टुझुमॅब याच्या बरोबर उलट. 'लाल औषध' म्हणून पेशंट ज्याला घाबरतात ते डॉक्सोरुबिसिन मोठ्या सिरिंजमध्ये. दर पिशवीवर नाव, नंबर, डोस आणि कधीपर्यंत वापरायचं ती वेळ. सहकारी दुसऱ्या बाजूने मोठ्याने वाचतो, मी मोठ्याने उत्तर देते. इथे आम्ही गप्पा मारत नाही.

११.१५

फलटण अजून नाही. सिस्टर विचारतात, "मावशींचं लावायचं का?" गोळ्यांचा हिशेब झाला, रक्ताचे रिपोर्ट चांगले, थायरॉईडही ठीक. निव्होलुमॅबने थायरॉईड बिघडू शकतं, म्हणून ते अधूनमधून पाहावंच लागतं. सगळं तयार आहे. बाटली फ्रिजमध्ये.

मावशींना खरं ते सांगितलं. आत्ता उघडली आणि काका आले नाहीत तर निम्मं औषध वाया जाईल आणि काकांचा डोस चुकेल. उशिरा उघडली तर संध्याकाळच्या गाडीला घाई होईल.

"थांबते की," मावशी म्हणाल्या. "शेताला पाणी आलं तर शेजाऱ्याची पाळी बुडवून कुणी दारं धरतं का?"

सून बाहेर जाऊन गाड्यांची चौकशी करून आली.

११.५५

आले! नातवाचा सकाळी पेपर होता आणि काकांना एकट्याने प्रवास जमत नाही. पेपर संपल्याबरोबर दोघं शाळेतूनच निघाले. मोबाईल चार्जिंगला घरी राहिला. नातू दहावीतला. आजोबांची फाईल त्याने दप्तरात पुस्तकांमध्ये ठेवली होती.

काकांची तपासणी करताना तीन गोष्टी सापडल्या. गावातल्या कुणी तरी गॅसची गोळी सुरू करून दिलेली. एर्लोटिनिब पोटातल्या आम्लात विरघळतं. गॅसची गोळी आम्ल कमी करते, मग औषध पोटात जाऊनही रक्तात पुरेसं उतरत नाही. आणि विडी परत सुरू झाली आहे, दिवसाला दोन. धुराने यकृत हे औषध इतक्या वेगाने फोडतं की रक्तातली पातळी निम्म्याहून खाली येते. काका मान खाली घालून म्हणाले, "दोनच ओढतो."

"काका, त्या दोन विड्या गोळीतली निम्मी गोळी ओढतात."

नातवाने आजोबांकडे पाहिलं. मग खिशातला बंडल काकांनी स्वतःच काढून माझ्या टेबलावर ठेवला.

गुळवेलीचा काढाही बंद करायला सांगितला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. घरच्या माणसांनी प्रेमाने उकळून दिलेलं असतं, म्हणून तो बंद करायला सांगताना शब्द जपून वापरावे लागतात.

१२.२०

बाटली उघडली. हलवायची नाही, फेस होतो. दोन मिली एका पिशवीत, दोन मिली दुसऱ्या. दोन वेगळी नावं, दोन वेगळे नंबर. मावशींची आधी लागली, दहा मिनिटांनी काकांची. शेजारशेजारच्या खुर्च्या, अर्ध्या तासाचं सलाईन. पहिल्या महिन्यात दोघं एकमेकांशी बोलत नसत. आता मावशींच्या सुनेने आणलेल्या डब्यातली पातळ पेज काकांनाही मिळते.

१.४५

डबा. ज्वारीची भाकरी, मेथी. दहा मिनिटं.

दुपारी २.१५

गोळ्यांच्या पुड्या. तीन आठवड्यांच्या तीनच, त्याहून एकही जास्त नाही. मावशींच्या वजन-उंचीला मेथोट्रेक्सेट आठवड्याला १२.५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे अडीचच्या पाच गोळ्या. प्रत्येक पुडीवर लाल शाईने 'फक्त गुरुवार'. सून वाचू शकते. मावशींसाठी पुडीवर तुळशीवृंदावन काढते, कारण त्या गुरुवारी संध्याकाळी दिवा लावूनच गोळ्या घेतात.

हा नेम मी एका चुकीतून शिकले. पूर्वी एका ठिकाणी काम करत असताना एका पेशंटला मी आठवड्याची गोळी तोंडी समजावली, लिहून दिली नाही. पुढची पट्टी त्यांनी गावच्या दुकानातून घेतली, तिथे पाकिटावर 'रोज एक वेळ' लिहून मिळालं. नवव्या दिवशी ते आले तेव्हा तोंडभर फोड होते आणि काउंट पडलेले. ल्युकोव्होरिन हा उतारा देऊन, बारा दिवस ॲडमिट ठेवून ते वाचले. दुकानाची चूक होतीच, पण माझ्या हातात पेन असताना मी लिहिलं नव्हतं.

मेथोट्रेक्सेट हे औषध जुनं आणि जबरदस्त आहे. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत होते, त्यांच्या गटाने या कुळातली औषधं तयार केली. १९४८ मध्ये सिडनी फार्बरनी त्यांतल्याच एकाने ल्युकेमियाच्या मुलांचा आजार काही काळ का होईना हटवून दाखवला. पण एकट्या औषधाला आजार पुरून उरायचा. १९६० च्या दशकात एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनी टीबीच्या उपचाराचा धडा उचलला, एकाच वेळी अनेक औषधं, म्हणजे जंतूला पळवाट नको. त्यांनी मुलांना चार औषधं मिळून दिली आणि त्यांत मेथोट्रेक्सेट होतं. टीबीची पुडी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, म्हणून ही कल्पना पेशंटना लगेच पटते.

३.३०

हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारा एक मुलगा भेटायला आला. वडिलांना पित्ताशयाचा कॅन्सर, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला, उपचार अजून सुरू व्हायचे आहेत. हातात जीन तपासणीचा जाड रिपोर्ट. चार बदल आणि त्यांपुढे चार औषधांची नावं. रात्रभर बसून वाचलेलं डोळ्यांत दिसत होतं.

"मॅडम, चार जुळतात ना? मग चारही एकदम द्या. पैशांचं मी बघतो."

त्याचं चूक नव्हतं. त्याच दिशेने जगात कामही चाललं आहे. अमेरिकेत आय-प्रेडिक्ट नावाच्या चाचणीत १४९ रुग्णांच्या गाठी तपासून जवळजवळ निम्म्यांना ज्याच्या त्याच्या बदलांनुसार औषधांच्या जोड्या दिल्या. गाठीतले जितके जास्त बदल औषधांनी गाठले तितका आजार जास्त काळ दबला, असं २०१९ मध्ये त्यांनी मांडलं. त्याच वर्षी नाशिकच्या दातार जेनेटिक्सची रेझिलियंट चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार थकलेल्या १२६ रुग्णांना गाठीच्या सर्वांगीण तपासणीवरून निवडलेली मिश्रणं दिली आणि ५४ जणांच्या गाठी आकसल्या. महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेतून हे उभं राहिलं याचा मला अभिमान आहे. तरीही त्या मुलाला हेही सांगितलं की त्या चाचणीत तुलनेचा दुसरा गट नव्हता, म्हणून तिच्यावरून किती झेप घ्यायची याला मर्यादा आहे. आणि एकेकटं तपासलेलं औषध चौघांच्या संगतीत कसं वागेल ते रिपोर्ट सांगत नाही. यकृत चारही औषधांना एकच असतं, आणि वडिलांची कावीळ नुकतीच उतरते आहे.

चारांपैकी एक बदल मात्र मोलाचा होता, हर-टू. टाटाचेच डॉ. विकास ओस्तवाल आणि सहकाऱ्यांनी अशा हर-टू असलेल्या, उपचार न झालेल्या ९० रुग्णांना जेमसिटाबिन, सिस्प्लॅटिन आणि ट्रॅस्टुझुमॅब हे तिन्ही मिळून देऊन पाहिलं आहे. ट्रॅस्टुझुमॅब आता भारतातही बनतं. "आधी हृदयाचा इको करू," मी म्हटलं. त्याने फोनमध्ये लिहून घेतलं आणि मग पहिल्यांदा पाणी प्यायला.

संध्याकाळी ५.००

ट्यूमर बोर्ड, ऑनलाइन. सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, दोन मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, मी. पित्ताशयाच्या केसवर पंचवीस मिनिटं. तीन औषधांवर एकमत झालं, रिपोर्टमधल्या बाकीच्या औषधांची घाई नको असं ठरलं. सिस्प्लॅटिनच्या आधी किती सलाईन द्यायचं ते मी विचारलं. साताऱ्याच्या बाईंची नोंदही सांगितली.

६.१०

स्वारगेटला भोरच्या गाडीपर्यंत मावशींबरोबर चालत गेले, माझाही रस्ता तोच. काका आणि नातू फलटणच्या गाडीच्या रांगेत होते. मावशींनी लांबूनच हाक मारली, "पुढच्या महिन्यात वेळेत या हो!" काकांनी हात वर केला. एकवीस दिवसांनी परत गुरुवारच येतो. दोघांची नावं मी वहीत एकाच ओळीवर लिहून ठेवली आहेत. नातवाचा त्या दिवशी पेपर नाही, तेही विचारून घेतलं.

रात्री ८.५०

भोरहून फोन. सुनेने स्पीकर लावला होता.

"मॅडम, दिवा लावला. पुडी उघडलीय."

"मोजा."

मावशींनीच मोजल्या, अर्धवट उघडणाऱ्या तोंडाने, सावकाश. एक. दोन. तीन. चार. पाच.

"बाकीच्या दोन पुड्या कुठे ठेवल्यात?"

"पत्र्याच्या डब्यात, वरच्या फळीवर. पोरांचा हात पुरत नाही."

"आणि दुखण्याची गोळी?"

"आणली नाही. तुम्हाला विचारल्याबिगर नाही आणत."